विषय: नाशिकहून आई-बाबा येतायत, मधल्या विमानतळाचा व्हिसा लागतो का?

मंडळी, नमस्कार.

आई-बाबा मे महिन्यात नाशिकहून आमच्याकडे कॅनडात यायला निघतायत. दोघांचे भारतीय पासपोर्ट आहेत आणि कॅनडाच्या सुपर व्हिसाचं (मुलांकडे लांब मुक्कामाला येणाऱ्या आई-बाबांसाठीचा व्हिसा) स्टिकर लागून आलंय. कॉलेज रोडच्या एजंटने तीन पर्याय दिलेत. अमेरिकेतल्या नेवार्कवरून टोरांटो सगळ्यांत स्वस्त. लंडनवरून थोडं महाग, पण तिथपर्यंत एका कंपनीचं तिकीट आणि पुढे दुसरीचं. फ्रँकफर्टवरून सगळ्यांत महाग, पण ते सलग एकच तिकीट आहे.

एजंट म्हणतो, "विमानतळाच्या बाहेर पडायचंच नाही, मग व्हिसा कशाला?" बाबांना ते पटलंय, नेवार्कवर त्यांचा भर आहे. मला मात्र धाकधूक वाटतेय. बाबा 74 वर्षांचे आहेत आणि आईला इंग्रजी बोलायची सवय नाही. कुणाला नक्की माहीत असेल तर कृपया सांगा.

– मिसिसॉगा

---

ताई, नमस्कार.

मी सध्या नाशिकलाच आहे, गंगापूर रोडला. हवं असेल तर बाबांशी प्रत्यक्ष बोलेन, पण आधी इथे सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न दर उन्हाळ्यात कुणाला ना कुणाला पडतो.

नेवार्कचं तिकीट काढू नका. अमेरिकेत इमिग्रेशन न करता एका आंतरराष्ट्रीय विमानातून दुसऱ्यात जायची सोयच नाही. दोन तासांसाठी उतरलेल्या माणसालाही आधी रीतसर देशात प्रवेश करावा लागतो. म्हणजे इमिग्रेशनची रांग, मग साधारणपणे पट्ट्यावरून बॅग उचलायची, कस्टम्समधून न्यायची आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायची. पूर्वी बिनव्हिसा ट्रान्झिट चालायचं, ते ऑगस्ट 2003 मध्ये बंद झालं. तेव्हापासून भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतोच, मग कॅनडाचा कितीही चांगला व्हिसा हातात असो. ट्रान्झिटसाठी सी-1 नावाचा व्हिसा आहे खरा, पण त्याची फी बी-1/बी-2 म्हणजे नेहमीच्या भेटीच्या व्हिसाएवढीच. त्यामुळे अमेरिकेत कुणाकडे जायचं मनात असेल तर सरळ बी-1/बी-2 साठी अर्ज करावा. फक्त त्याच्या मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत मे उलटून जाईल, या वर्षी तो नाद सोडा.

एजंटचं वाक्य लंडनला अर्धं लागू पडतं. भारतीय पासपोर्टला तिथे आतल्या आत विमान बदलायलाही एरवी ट्रान्झिट व्हिसा लागतो. पण ज्यांच्या पासपोर्टवर कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा आहे त्यांना त्यातून सूट आहे. तेवढ्यापुरतं तुमचं काम झालं. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे, ती म्हणजे दोन तिकिटं.

दोन वेगळी तिकिटं असली की बॅग बहुधा लंडनपर्यंतच जाते. ती घ्यायला इमिग्रेशन पार करून बाहेर यावं लागतं, आणि बाहेर आलात की नियम बदलतो. कॅनडाला जाणाऱ्याला बाहेर पडूनही बिनव्हिसा जाता येतं, पण त्यासाठी पुढचं विमान दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीच्या आत हवं, त्याचं पक्कं तिकीट हवं, आणि शेवटी समोरच्या अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. तो नाही म्हणू शकतो. मुंबईच्या काउंटरवरची मुलगीही नाही म्हणू शकते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला तिथे वाद घालायला लावू नका. हीथ्रोवर उतरून गॅटविकहून पुढे जायचं तिकीट असेल तरी हीच गत.

फ्रँकफर्टचं घ्या. युरोपच्या शेंगेन (आपसात सीमा-तपासणी नसलेल्या देशांच्या गटाच्या) नियमात विमानतळ-ट्रान्झिट व्हिसातून कॅनडाचा चालू व्हिसा असलेल्यांना सूट आहे, आणि तो व्हिसा वापरून कॅनडाहून परतणाऱ्यांनाही आहे. मात्र वाटेत एकच शेंगेन विमानतळ हवा. फ्रँकफर्टहून पॅरिस आणि मग टोरांटो असं तिकीट एजंटने स्वस्त म्हणून पुढे केलं तर घेऊ नका. फ्रँकफर्ट ते पॅरिस हे त्यांच्या दृष्टीने देशातल्या देशात उड्डाण आहे, त्यामुळे फ्रँकफर्टलाच इमिग्रेशन होतं आणि पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. एजंट लोक हे नेमकं विसरतात.

विमान कंपन्या इतक्या कडक का, असं बाबा विचारतील. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर दंड कंपनीला होतो. ब्रिटनमध्ये तो माणशी 2,000 पौंडांपर्यंत आहे. म्हणून काउंटरवरचा माणूस टायमॅटिक नावाच्या यादीत पासपोर्ट, व्हिसा आणि मार्ग टाकून बघतो, आणि तिथे नाही आलं तर बोर्डिंग पास देत नाही. एजंटने तोंडी काय सांगितलं होतं याला तिथे किंमत नाही. त्याला आजच सांगा, दोन्ही पासपोर्टच्या तपशिलासह टायमॅटिकचं उत्तर काढून पाठव. चांगला एजंट पाठवतो.

आता दोन गोष्टी घरच्यांना दाखवून ठेवा. व्हिसाच्या स्टिकरवर 'एन्ट्रीज'समोर 'एमयूएलटी' (म्हणजे अनेकदा प्रवेश) छापलंय ना, ते बघा आणि शेवटची तारीखही बघा, कारण परतीच्या वेळीही मधला देश तीच तारीख बघणार. आणि मुंबईला सहार विमानतळावर बॅगेला पट्टी लावली की आईंनी तिच्यावरची सगळ्यांत मोठी तीन अक्षरं वाचायची. 'वायवायझेड' असेल तर बॅग थेट टोरांटोला. दुसरं काही दिसलं तर काउंटर सोडायच्या आधी विचारायचं. आईंना वाचता आलं नाही तरी हरकत नाही, एका चिठ्ठीवर लिहून द्या आणि जुळवून बघायला सांगा. माझ्या आईने तसंच केलं होतं.

– गंगापूर रोड, नाशिक

---

काका, खूप धन्यवाद. याच धाग्यात आमचंही विचारते. दिवाळीला नाशिकहून परतताना हीथ्रोला चार तास थांबा आहे, सगळं एकाच तिकिटावर. मुलाचा पासपोर्ट कॅनडाचा आहे. माझा भारतीय आहे, सोबत कॅनडाचं पीआर (कायम रहिवासाचं) कार्ड. ब्रिटनच्या त्या नव्या ईटीएचं (व्हिसा न लागणाऱ्यांनी आधी काढायची प्रवास-परवानगी) काय?

– ब्रॅम्प्टन

---

ताई, तुमचं कार्ड 28 जून 2002 नंतर दिलेलं असेल आणि चालू असेल तर आतल्या आत विमान बदलायला ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. पासपोर्टबरोबर कार्ड हातातच ठेवा, बॅगेत टाकू नका. मुलाला ईटीए फक्त इमिग्रेशन ओलांडून बाहेर यायचं असेल तर लागते. कॅनडाच्या पासपोर्टला ती 8 जानेवारी 2025 पासून लागू आहे, आणि हीथ्रोवर आतल्या आत विमान बदलणाऱ्यांना त्यातून वगळलंय. तरी विमान चुकून रात्र बाहेर काढायची वेळ आली तर मुलाचा प्रश्न नको म्हणून मी ती काढून ठेवायला सांगेन. दोन वर्षं चालते, किंवा पासपोर्ट संपेपर्यंत. सरकारी ॲपवरूनच काढा. शोधल्यावर वर येणाऱ्या खाजगी साइट त्याच कामाचे जास्तीचे पैसे घेतात.

मुलाचा पासपोर्ट मध्ये नवा केला तर ईटीए परत काढावी लागेल, ती जुन्या पासपोर्टच्या नंबरला जोडलेली असते.

– गंगापूर रोड, नाशिक