माउंट डेव्हिडसनचा क्रॉस आणि ईस्टरची पहाट : तुमचे अनुभव सांगा

गेली अकरा वर्षं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून माउंट डेव्हिडसन दिसतो. सॅन फ्रान्सिस्कोतला सगळ्यात उंच डोंगर, ९२८ फूट, आपण सह्याद्रीवाले त्याला टेकडीच म्हणणार. माथ्यावर १०३ फुटी काँक्रीटचा क्रॉस आहे पण निलगिरी एवढी माजलीय की दिवसा खालून तो धड दिसत नाही, ईस्टरला रात्री दिवे लागतात तेव्हा मात्र बघतच राहावं. १९२३ पासून तिथे ईस्टरला सूर्योदयाची प्रार्थना होते. आधीचे क्रॉस लाकडी होते, आगीत गेले, मग १९३४ ला हा बांधला आणि २४ मार्चला प्रेसिडेंट रूझवेल्टनी तिकडे वॉशिंग्टनला बसून तारेची कळ दाबली तेव्हा इकडे दिवे लागले. मी ख्रिश्चन नाही तरी दरवर्षी जाते, आणि आपले बरेच जण जातात हे हल्ली हल्ली कळलं म्हणून हा धागा. कोण कोण गेलंय? हातचं न राखता लिहा.

*

मी नगरची, घरात तीन पिढ्या चर्चवाल्या. लहानपणी ईस्टरला आई चार वाजता उठवायची, डोळे चोळत पहाटेच्या उपासनेला जायचं, वाटेत भेटेल त्याला "प्रभू उठला आहे" म्हणायचं आणि समोरच्यानी "खरोखर उठला आहे" म्हणायचं. इथे आल्यावर ते सगळं सुटलं. दोन वर्षांपूर्वी आई आलेली, तिला नुसतं बोलता बोलता सांगितलं की इथे डोंगरावर असं असतं, तर झालं, गुडघ्यांचं एवढं दुखणं असून ही बाई पहाटे साडीवर माझं जॅकेट आणि पायात नातवाचे बूट घालून दारात उभी. डेलवुड रस्त्याच्या बाजूने चढलो, मोबाईलच्या उजेडात, दर वळणावर थांबत. पाऊस नव्हता पण धुकं इतकं की झाडांवरून टपटप पाणी गळत होतं, वर पोचलो तर क्रॉसचा नुसता बुंधा दिसत होता, बाकी सगळा ढगात. शेजारी एक चिनी आजी उभ्या होत्या. आईनी सरळ त्यांचा हात धरला आणि मराठीत म्हणाली, प्रभू उठला आहे. त्यांनी त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं. आई मला विचारते काय म्हणाल्या गं, मी म्हटलं तेच.
सूर्य त्या दिवशी दिसलाच नाही, राखाडीचं पांढरं झालं तेवढंच. मला चुटपुट लागली की एवढं आईला चढवलं आणि काही दिसलं नाही. ती म्हणाली, अगं मरिया कबरेपाशी गेली तेव्हा पण अंधारच होता की.
आई गेल्या वर्षी गेली. मी तेव्हापासून वर गेले नाहीये.

*

ट्रेकवाल्या मंडळींसाठी : वर पार्किंग नाही, ३६ नंबरची टेरेसिटा बस पायथ्याशी सोडते. चिखल असतो, चांगल्या ग्रिपचे बूट घाला. पूर्वेकडची बाजू उघडी आहे, अख्खं डाउनटाउन, खाडी, बे ब्रिज सगळं तिथून दिसतं, पश्चिमेला फक्त झाडी.

*

मला २४ एप्रिलबद्दल, म्हणजे आर्मेनियन लोकांच्या कत्तलीच्या स्मरणदिनाबद्दल लिहायचंय. आमच्या टीममधली एक सिनियर आर्मेनियन आहे, १९१५ मध्ये ऑटोमन तुर्कस्तानात आर्मेनियन लोकांची कत्तल झाली, त्यातून तिच्या पणजीच्या घरातल्यांपैकी एकटी पणजी वाचली. तीच मला पहिल्यांदा वर घेऊन गेली. तोपर्यंत मला माहीत नव्हतं की हा क्रॉस आता शहराचा नाहीच, १९९७ मध्ये शहराने क्रॉस आणि त्याखालची थोडीशी जागा लिलावात काढली ती उत्तर कॅलिफोर्नियातल्या आर्मेनियन संस्थांच्या कौन्सिलने २६,००० डॉलरला घेतली आणि त्या बळींचं स्मारक म्हणून जपलीय. पायाशी पितळी रंगाची पाटी आहे. ती पाटीवरून हात फिरवत बराच वेळ उभी होती, एक शब्द बोलली नाही. मी मुंबईला फोर्टात चार वर्षं नोकरी केली, तिथल्या १७९६ च्या आर्मेनियन चर्चवरून रोज जायचो, पण हे लोक कोण, कुठून आले असं कधी मनातसुद्धा आलं नाही. तिला त्या चर्चचा फोटो दाखवला तर तिनी तो आईला फॉरवर्ड केला.

*

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. शहराने क्रॉस विकला कारण कोर्टात केस झाली होती, सरकारी बागेत एकाच धर्माचं एवढं मोठं चिन्ह कसं, म्हणून. १९९६ ला अपील कोर्टाने ते घटनेविरुद्ध ठरवलं आणि मला तो निकाल बरोबर वाटतो, इथे आपणही अल्पसंख्याकच आहोत. ओरेगनमध्ये युजीनला असाच टेकडीवरचा क्रॉस होता, तो १९९७ ला काढावा लागला. इथे निदान तोडगा निघाला, नोव्हेंबरमध्ये लोकांनी मतदान करून विक्रीला मान्यता दिली. क्रॉस पण राहिला आणि कायदा पण. मी दर रविवारी तिथे चढतो, पडला असता तर मलाही वाईट वाटलं असतं हे खरं.

*

वसईकर इथे. आमच्याकडे ईस्टरआधीच्या उपवासकाळात क्रूसाची वाट (येशूच्या शेवटच्या प्रवासाचे टप्पे आठवत प्रार्थना) करायची, उन्हातान्हात अनवाणी सुद्धा. पहिली नोकरी दक्षिण कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला होती, तिथे माउंट रुबिडोवर पण क्रॉस आहे, ईस्टरची पहाटप्रार्थना १९०९ पासूनची, म्हणजे तुमच्या डेव्हिडसनहून जुनी. पहिल्या वर्षी कुण्णाला ओळखत नव्हतो, एकटाच चढलो. उतरताना एका मेक्सिकन कुटुंबाने घरी नेलं आणि पोट फुटेस्तोवर खाऊ घातलं. अजून त्यांच्याकडे जाणं येणं आहे, त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढल्यासारखा वाढत होतो.

*

धागा काढणारीच परत. पाटीबद्दल वाचून काल संध्याकाळी मुद्दाम वर जाऊन आले. अकरा वर्षांत मी ती पूर्ण वाचली नव्हती, दरवेळी सूर्याकडे तोंड करून उभी राहते आणि पाठ तिकडे. खाली कुणीतरी फुलं ठेवली होती, सुकलेली. या वर्षी २४ एप्रिललाही जाणार.
नगरच्या ताई, तुम्ही यायचं मनात आणलंत तर सव्वापाचला डेलवुडच्या तोंडाशी मी असेन. चहाचा थर्मास आणते, आणि सावकाश चढू, दर वळणावर थांबत.