विषय: ब्रिजटाऊनला एक दिवस, काय करावं?

नमस्कार मंडळी,
जानेवारीत क्रूझवर निघतोय. कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर, ब्रिजटाऊनला, जहाज सकाळी आठला लागतं, पाचला सुटतं. सोबत सासूसासरे आणि नऊ वर्षांचे चिरंजीव. जहाजवाल्यांच्या सहलींचे माणशी दर बघून डोळे पांढरे झाले. आपले आपण कोणी फिरलंय का? सासऱ्यांना क्रिकेटचं वेड, सासूबाईंना पाण्याची भीती.
– स्नेहा

स्नेहा,
सहल मुळीच घेऊ नकोस. पण आधी बॅग तपास. चिरंजीवांची लष्करी छापाची चड्डी असेल तर घरीच राहू दे. तिकडे कॅमोफ्लाज कपडे सामान्य माणसाने घालायला कायद्यानेच बंदी, पोरांनासुद्धा. आमचा नातू नेमकी तीच घालून उतरला आणि फाटकावरच्या बाईंनी हसत हसत परत धाडला. तासभर गेला. सूचनांचा कागद मी न वाचताच खिशात कोंबला होता, त्यामुळे हिच्याकडून जे ऐकायचं ते ऐकलं.

केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बंदरापासून जवळ आहे. आम्ही चालत गेलो, पण सासऱ्यांना उन्हात चालवू नकोस, टॅक्सी कर. भाडं बसण्याआधी ठरव आणि डॉलर कुठला तेही विचार, कारण त्यांचे दोन म्हणजे अमेरिकेचा एक. बाहेर वेस्ट इंडिजचा महान खेळाडू सोबर्सचा पुतळा आहे. 2024 च्या टी-20 विश्वचषकाच्या फायनलमध्ये सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तो इथेच. नातवाने फुटपाथवर पाण्याची बाटली उडवून तो तीनदा घेऊन दाखवला, तिसऱ्यांदा गुडघा फोडून.

मी मात्र मनाने 1971 च्या इथल्या कसोटीतच होतो. सरदेसाई 150, सुनील गावसकर नाबाद 117. आणि त्याआधीचं 1962. याच मैदानावर बार्बाडोसच्या ग्रिफिथचा चेंडू आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला, कवटी फुटली. तेव्हा रक्त द्यायला फ्रँक वॉरेल पुढे आला. वेस्ट इंडिजचा कर्णधार! भिंतीला हात लावून उगाच उभा राहिलो थोडा वेळ.

दुपारी कार्लाइल बेचा समुद्रकिनारा. पाणी शांत, कासवं दिसतात, सासूबाई सावलीत बसतील. फक्त झाड बघून बसव. मँचिनील नावाच्या झाडाची फळं हिरव्या सफरचंदासारखी दिसतात पण जहरी, आणि चीक अंगाला लागला तर फोड येतात. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा असतो. पाऊस आला तर त्याखाली अजिबात थांबू नका.

जेवायला फ्लाइंग फिशचं कटर, म्हणजे जाड पावात तळलेला मासा, वर पिवळीधमक मिरचीची चटणी. चटणीने माझ्या डोळ्यांत पाणी. ही मालवणची, तिचा निकाल: "मासा बरा, पण आमची मांदेली ती मांदेलीच."

घड्याळ जहाजाचंच पाळ. हिवाळ्यात बेट आपल्या न्यूयॉर्कच्या एक तास पुढे असतं.
– अविनाशकाका

काका, एक भर घालतो. रक्त एकट्या वॉरेलने दिलं नव्हतं. आपल्या संघातले उम्रीगर, बोर्डे आणि आमच्या नाशिकचे बापू नाडकर्णी, तिघांनीही दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत.
– प्रकाश

काका, प्रकाशदादा, आभार! सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं. कॉन्ट्रॅक्टरपाशी आल्यावर म्हणाले, "थांब, परत वाच." सासूबाईंचा एकच प्रश्न: त्या माशाला काटे किती?
– स्नेहा