अचानक संपलेली मांगा: तुमचा अनुभव लिहा

वर्षानुवर्षं वाचलेली मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, चार भागांत गुंडाळली की इंदूरच्या मराठी घरात ते दुःख सांगायचं कोणाला? कोणती मालिका होती, तुम्ही कुठे होतात, पुढे काय केलंत, लिहा. सुरुवात माझ्यापासून.

माझी 'जुजुत्सु काइसेन'. अधिकृत ॲपवर नवा भाग आपल्याकडे रविवारी रात्री साडेआठला यायचा आणि आमच्याकडे पानंही तेव्हाच मांडतात. उजव्या हाताने वरणभात, डाव्या हातात मोबाईल, वर आईची बोलणी. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालं की आता फक्त पाच भाग उरलेत. २०१८ पासूनचे इतके धागे लोंबकळत असताना पाच! पाहुण्यांची गाडी सुटायला आली की पोळ्या कशा लाटतात, तसं झालं सगळं. २९ सप्टेंबरला २७१ वा भाग आला आणि खेळ खलास. पितृपंधरवडा चालू होता. ताई म्हणाली, "बरं झालं, वेगळी तिथी शोधायला नको."

*लोकमान्यनगर*
'ब्लीच', २००१ ते २०१६, ७४ खंड. शेवटची लढाई संपते न संपते तोच गोष्ट दहा वर्षं पुढे! मधलं काय ते तुम्हीच समजा. पुढे ॲनिमेत, म्हणजे पडद्यावरच्या कार्टून मालिकेत, थोडी भर घातली, पण माझा राग तसाच आहे.

*सुदामानगर*
मी वाचक नाही, वाचकाची आई. लेक त्याची मांगा संपली त्या रात्री ताटावरून उठला, मला वाटलं नोकरी गेली. कारण कळल्यावर म्हटलं, माझी रात्रीची सिरियल चॅनेलने अशीच बंद केली होती तेव्हा कसा खिदळत होतास रे?

*स्नेहलतागंज*
काकू, जपानमध्येही तेच चालतं. मांगा ज्या साप्ताहिकात छापतात त्यासोबतच्या कार्डावर वाचक पसंती कळवतात, सतत मागे पडलेली मालिका बंद होते. त्याला 'उचिकिरी' म्हणतात. 'शामन किंग' २००४ मध्ये अशीच अर्धवट थांबली. शेवटच्या खंडात लेखकाने चक्क एक संत्रं काढलं. 'मिकान' म्हणजे संत्रं, आणि 'अपूर्ण' या शब्दाचा उच्चारही तोच! खरा शेवट काही वर्षांनी नव्या आवृत्तीत आला. मी आधी त्या संत्र्यावर हसलो, मग वाईट वाटलं.

*राजेंद्रनगर*
तुमच्या मालिका निदान कोणीतरी संपवल्या तरी. माझी 'बर्सर्क'. मे २०२१, दुसरी लाट, फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. त्यात कळलं की तिचे लेखक-चित्रकार केंतारो मिउरा ६ मे रोजीच गेले, महाधमनी फाटून, वय ५४. १९८९ पासून ही गोष्ट काढत होते. घरात कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. गच्चीवर जाऊन टाकीला टेकून बसलो, एवढंच.

जून २०२२ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली. मिउरांनी आपले जुने मित्र कोउजी मोरी यांना शेवटापर्यंतची गोष्ट कधीतरी सांगून ठेवली होती. मोरी ती आठवून सांगतात आणि स्टुडिओतले सहायक चित्रं काढतात. मिउरांनी सांगितलं तेवढंच लिहिणार, पदरचं घालणार नाही, असं मोरींनी सुरुवातीलाच कबूल केलं. याचा मान वाटतो. तरी मी मिउरांच्या शेवटच्या, ३६४ व्या भागावर थांबलोय.

माझा दोस्त पुढचं वाचतो. रविवारी सकाळी पोहे खायला भेटलो की त्याच्या पोटात राहत नाही. मी म्हणतो, "जिरावन मसाला घाल वरून, आणि गप खा."