एम६ ला ग्रिप घ्यावी की खालून ओढायचा वाइंडर?

कोकणकडा:
मंडळी, सल्ला हवाय. सेकंडहँड लायका एम६ आहे, म्हणजे फिल्मचा रेंजफाइंडर, लेन्समधून नाही तर वेगळ्या खिडकीतून बघायचा कॅमेरा, त्यावर ३५ मिमी ची लेन्स. यंदा वारीत दोन दिवस चाललो. वरून पाऊस आणि आतून घाम, हात ओले, आणि या कॅमेऱ्याला पुढून बोटं अडकवायला काहीच नाही, अगदी साबणाची वडी धरल्यासारखं होतं. बजेट एकाच वस्तूचं आहे. पकडायला ग्रिप, नाहीतर ट्रिगरवाला वाइंडर, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला बसणारा, बोटांनी ओढून फिल्म पुढे सरकवायचा; लायकाचाच लायकाव्हिट किंवा कॅनडाच्या टॉम अब्राहमसन यांचा रॅपिडवाइंडर. मोटर नकोच, बॅटरी आणि आवाज दोन्ही नकोत. माझा कल ग्रिपकडे आहे, रोलमध्ये फोटोच ३६, वाइंडर लावून करायचंय काय?

अंधारखोली:
ग्रिप अजिबात घेऊ नकोस दादा. मी तीन वर्षं वापरलीय. लायकाचा एम मालिकेतला फिल्म कॅमेरा खालून उघडतो आणि ग्रिप बसते ट्रायपॉडच्या आट्यांत, त्यामुळे प्रत्येक रोलला आधी ग्रिप काढा, मग बेसप्लेट म्हणजे तळाचं झाकण, मग ते दोन्ही धरायला तिसरा हात शोधा. पावसात गर्दीत उभं राहून हे करून बघ एकदा. त्यात माझ्या ग्रिपचा स्क्रू चालता चालता ढिला झाला, अख्खा कॅमेरा हातात गरकन फिरला, गळ्यात पट्टा होता म्हणून वाचला. त्यापेक्षा रिस्ट स्ट्रॅप घे आणि फिल्म पुढे सरकवायचा, वाइंडिंगचा लिव्हर थोडा बाहेर ओढून त्यात अंगठा अडकव, फुकटची ग्रिप आहे ती. वाइंडरचेही पैसे घालू नकोस, त्यात कितीतरी रोल येतील.

डावा_डोळा:
वाइंडरबद्दल मात्र साफ असहमत. तो वेगासाठी असतो हा समजच चुकीचा आहे. मी डाव्या डोळ्याने बघतो, त्यामुळे लिव्हर ओढायचा म्हणजे अंगठा थेट चेहऱ्यावर येतो, दर फोटोला कॅमेरा डोळ्यापासून लांब न्यावा लागायचा आणि तेवढ्यात समोरचं सगळं बदललेलं असायचं. रेंजफाइंडरची खरी मजा कशात आहे, तर आरसा नाही, फोटो घेताना फाइंडर काळा होत नाही, फ्रेमच्या बाहेरून कोण येतंय तेही दिसतं. ते सोडून दर वेळी कॅमेरा खाली घ्यायचा? डाव्या हाताच्या बोटांनी ट्रिगर ओढला की फिल्म पुढे, शटर तयार, फ्रेम जागच्या जागी.
आणखी एक, एम६ चा उजेड मोजणारा मीटर शटर भरलेलं असेल तरच चालतो. वाइंडर असला की फोटो झाल्या झाल्या ओढायची सवय लागते, मीटर कायम तयार. ही कल्पना काही आजची नाही, असा ट्रिगर १९३० च्या दशकातल्या, लेन्स आट्यांनी बसणाऱ्या स्क्रू माउंट लायकांना होता, १९५६ च्या लायका एमपी ला लायकाव्हिट होता, आणि त्याच वर्षीच्या कॅनन व्हीटी च्या तर पोटातच ट्रिगर होता. बातमीदारीवाल्यांना गरज होती म्हणूनच ना!

अंधारखोली:
डाव्या डोळ्याचं मान्य, ते माझ्या डोक्यातच नव्हतं. पण डावा हात फोकस करणार की ट्रिगर ओढणार? वजन वाढतं, उंची वाढते, आणि एम जवळ बाळगायचं कारणच तो लहान आहे हे. मग आरशाचा एसएलआर काय वाईट?

डावा_डोळा:
दोन्ही एकाच क्षणी कुठे करायचंय? आणि ३५ ला ॲपर्चर एफ ८ ठेवून फोकस ३ मीटरला लावून ठेवलं की साधारण २ ते ७ मीटर सगळं चालून जातं, वारीत फोकसला हात लावायचीच गरज नाही. उंची वाढते तोच तर फायदा, करंगळी जी हवेत लोंबकळत असते तिला जागा मिळते. शिवाय वाइंडर बेसप्लेटच्या जागीच बसतो, रोल बदलताना एकच वस्तू काढायची.

सायली_ताई:
माझ्याकडे बेसा आहे, लायका नाही पण रेंजफाइंडरच, तिला ट्रिगर वाइंडर लावलाय. तिचं पाठचं दार बिजागरीवर उघडतं, त्यामुळे रोल बदलताना काहीच काढावं लागत नाही. घेणाऱ्यांनी हे नक्की बघा, कारण ग्रिप वाईट की चांगली हे बरंचसं कॅमेरा कुठून उघडतो यावर ठरतं. जुन्या लायका एम३ वाल्यांनी वाइंडर मागवायच्या आधी नीट चौकशी करा, वाइंडर जोडायचं खालचं कपलिंग सरसकट नंतरच्या एम४-२ मॉडेलपासून आलं. आणि कीव्ह या सोव्हिएत रेंजफाइंडर वाल्यांना ग्रिप सुचवूच नका, तिथे उजव्या हाताची बोटं आधीच फोकस जुळवायच्या खिडकीवर येतात, बोटं वर उचलूनच धरावा लागतो तो कॅमेरा.

बर्फातला_मराठी:
टोरांटोहून लिहितोय. कडक थंडीत कोरड्या हवेत वाइंडर झपकन ओढू नका, स्थिर विजेने फिल्मवर फांद्यांसारख्या रेघा उमटतात, माझा अर्धा रोल गेलाय. बाकी मी वाइंडरच्याच बाजूने. सावकाश ओढा फक्त.

कोकणकडा:
करंगळीचा मुद्दा पटला, मी ग्रिप आणि वाइंडर या दोन वेगळ्याच गोष्टी धरून बसलो होतो. पण मी उजव्या डोळ्यानेच बघतो, लिव्हरचा तसा त्रास नाही, म्हणून अजून पैसे टाकायचा धीर होत नाहीये. तोवर अंधारखोली म्हणतात तसा अंगठा अडकवून बघतो. डावा_डोळा, रविवारी सकाळी दादरच्या फुलबाजारात याल का वाइंडर घेऊन? एक रोल माझ्या कॅमेऱ्यात लावून काढू द्या, रोल मी आणतो.