मदत हवी आहे: पॉइंट (बाणाचं टोक) जड केला तर बाण उलट्या बाजूला का जातोय?

मंडळी, चार दिवस डोकं खाजवून झालंय, आता इथेच विचारते.

धनुष्यबाण सुरू करून सहाएक महिने झाले. साधं ६० इंची टेकडाऊन रिकर्व्ह (भाग सुटे होणारं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आहे, शिकारीसाठी बनवतात तसलं आखूड, साईट (नेम धरायची खूण) नाही, स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारी दांडी) नाही, बाण थेट शेल्फवरून (मुठीच्या वरच्या कट्ट्यावरून) सुटतो. उजव्या हाताने ओढते, एक बोट नॉकच्या (बाणाच्या मागच्या खाचेच्या) वर आणि दोन खाली. आधी ३० पौंडाचे लिंब (धनुष्याचे वाकणारे हात) होते, गेल्या महिन्यात ४५ चे लावले (२८ इंचाला ४५, म्हणजे २८ इंच ओढलं की ४५ पौंड जोर, असं लिंबवर छापलंय). शिकारबिकार करायची नाहीये, फोमच्या टार्गेटवरच मारते, पण जो तो सांगतो की असल्या धनुष्याला जड बाण दे, आवाज कमी येतो, लिंबांना त्रास कमी, म्हणून ते खूळ डोक्यात शिरलं.

शाफ्ट (बाणाच्या काड्या) कार्बनचे घेतले, ३४० स्पाईन (काडीचा कडकपणा, आकडा लहान तेवढी कडक), ३० इंच. चार्टवर ४५ पौंड बघितलं, वर जड पॉइंट लावायचाय म्हणून एक पायरी कडक घेतली. साधा अ‍ॅल्युमिनियमचा इन्सर्ट (पॉइंट बसवायची नळी), १२५ ग्रेनचा (ग्रेन म्हणजे वजनाचं छोटं माप) पॉइंट, सगळं धरून बाण ४६५ ग्रेन भरला. मग बेअर शाफ्ट टेस्ट केली, म्हणजे तीन बाण पिसांचे आणि दोन बिनपिसांचे, १५ मीटरवरून. बिनपिसांचे दोन्ही उजवीकडे, चांगले वीतभर लांब.

आता सगळीकडे लिहिलेलं असतं की उजव्या हाताने मारणाऱ्याचा बेअर शाफ्ट उजवीकडे गेला तर बाण वीक (धनुष्याच्या मानाने मऊ) आहे, डावीकडे गेला तर कडक. म्हणजे माझा वीक. आणि पॉइंट जड केला की बाण अजून वीक होतो, म्हणजे अजून उजवीकडे जायला हवा. तरी हट्टाने २०० ग्रेनचा पॉइंट लावून बघितला, तर बेअर शाफ्ट सरळ उडी मारून डावीकडे! २५० चा लावला तर डावीकडेच पण कमी. म्हणजे वीक होता त्याला अजून वीक केला आणि तो कडक झाला?? मी चुकतेय की पुस्तकी ज्ञान चुकतंय? ३०० स्पाईनचे शाफ्ट मागवायला निघाले होते, तेवढ्यात म्हटलं आधी विचारावं.

अजून एक, १२५ वाल्या बाणाला सुटताना टक्क असा आवाज यायचा. त्याचा संबंध असेल का माहीत नाही पण सांगून ठेवते.

काटकोन:

संबंध काय, सगळं उत्तरच त्या टक्क मध्ये आहे. ३०० मागवू नका, हात जोडतो.

तुमचा बाण वीक नव्हताच, भयंकर कडक होता. उजव्या हाताने मारणाऱ्याचा बाण रायझरच्या (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाच्या) डाव्या अंगाला असतो. बोटांवरून स्ट्रिंग सुटताना ती थोडी बाजूला सरकते आणि बाण वाकतो, तो वाकून रायझरला वळसा घालून गेला पाहिजे. फार कडक बाण वाकतच नाही, मग त्याचं शेपूट रायझरवर आपटतं आणि आपटून डावीकडे फेकलं जातं. शेपूट डावीकडे म्हणजे टोक उजवीकडे. झाला तुमचा खोटा वीक. २०० चा पॉइंट लावल्यावर बाण थोडा वाकायला लागला, आपटणं थांबलं आणि खरं रूप दिसलं, डावीकडे, म्हणजे कडक. २५० ला अजून थोडा वाकला म्हणून मधे यायला लागला. पुस्तकी ज्ञान बरोबर आहे, तुमचं पहिलं रीडिंग खोटं होतं.

खात्री करायची असेल तर बाणाच्या मागच्या हातभर भागाला टाल्कम पावडर चोळा आणि १२५ चा पॉइंट लावून मारा. पावडर पुसलेली दिसेल आणि रायझरच्या बाजूच्या पट्टीवर पांढरा डाग.

लाकडी घोडा:

काटकोन +१. माझेही असेच एक डझन बाण कपाटात पडून आहेत, बघितले की अजून राग येतो.

मला एक विचारायचंय, ताई तुमचा ड्रॉ (किती इंच ओढता ते) किती आहे? ४५ पौंड २८ इंचाला. तुम्ही खरंच २८ ओढता का? आणि तो चार्ट कोणता होता? कंपाउंडचा (चाकं असलेल्या धनुष्याचा) असेल तर विसराच, त्यांचा बाण बहुतेक मधोमध बसलेला असतो आणि रिलीजने (बोटांऐवजी चापाने) सुटतो, त्याला वळसा बिळसा घालावा लागत नाही, म्हणून त्यांना कडक शाफ्ट चालतात. आपल्या शेल्फवर बाण मधोमध नसेल तर अजूनच वीक शाफ्ट लागतो.

धागाकर्ती:

पावडर लावून बघितली. डाग आला!! रायझरच्या पट्टीवर चांगला बोटभर.

चार्ट कंपाउंडचाच होता 🙈 आणि ड्रॉ मोजलाच नव्हता, २८ लिहिलंय म्हणजे २८ असणार असं धरून चालले होते. भावाला बाणावर पेनने खूण करायला लावली, नियम असा सापडला की नॉकच्या खाचेपासून ग्रिपच्या सगळ्यात खोल जागेपर्यंत मोजायचं आणि त्यात पावणेदोन इंच मिळवायचे. सरासरी साडेसव्वीस आला. आता?

काटकोन:

आता ते ४५ पौंडाचं धनुष्य तुमच्या हातात ४५ चं नाही. शेवटच्या काही इंचांत दर इंचाला साधारण अडीच पौंड धरा, म्हणजे दीड इंच कमी म्हटल्यावर तुम्ही ४१ च्या आसपास ओढताय. ४१ पौंडाला ३४० स्पाईन म्हणजे भिंतीतला खांब.

स्पाईन म्हणजे काय हे एकदा डोळ्यासमोर आणलं की सोपं जातं. २९ इंची शाफ्ट २८ इंचांच्या अंतराने दोन टेकूंवर ठेवायचा, मधोमध १.९४ पौंडांचं म्हणजे साधारण ८८० ग्रॅमचं वजन लटकवायचं, तो जेवढा खाली वाकतो ते स्पाईन. अर्धा इंच वाकला तर ५००, ०.३४ इंच वाकला तर ३४०. म्हणून आकडा मोठा तेवढा शाफ्ट मऊ. पण ही झाली टेबलावरची गोष्ट. सुटताना तो किती वाकेल हे लांबी, पॉइंटचं वजन, धनुष्याचा जोर आणि स्ट्रिंग कसली आहे त्यावर ठरतं. लांब शाफ्ट, जड पॉइंट, जोर जास्त, न ताणणारी फास्ट स्ट्रिंग यातलं काहीही वाढलं की बाण जास्त वाकणार.

ढगफुटी:

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. सहा महिन्यांत ३० वरून थेट ४५? १५ पौंडांची उडी फार होते हो. तुमचा ड्रॉ सरासरी साडेसव्वीस म्हणालात, पण पहिले दहा बाण आणि शेवटचे दहा बाण वेगवेगळे मोजलेत का? दमल्यावर माणूस अर्धा-पाऊण इंच आखूड ओढायला लागतो, त्याला कळतही नाही, आणि मग बेअर शाफ्ट सकाळी एक सांगतो आणि संध्याकाळी दुसरं. बाण ट्यून करायला आधी मारणाऱ्याचा हात ट्यून असावा लागतो. माझं मत असं की महिनाभर जुने ३० चे लिंब लावा आणि बाणांचं नंतर बघा.

धागाकर्ती:

@ढगफुटी राग नाही, पटलं पण आणि नाही पण. मोजून बघितलं, विसाव्या बाणानंतर २६ वर येतेय. त्यामुळे असं ठरवलंय की सराव ३० वरच करायचा आणि टेस्ट करायची तेव्हा ४५ लावून पहिले बारा बाणच मोजायचे, पुढचे धरायचेच नाहीत. चालेल ना?

@काटकोन मग या ३४० चं काय करू? पितळी इन्सर्ट १०० ग्रेनचा मिळतो, त्यावर २५० चा पॉइंट म्हणजे पुढे ३५० ग्रेन. तेवढ्याने वाकेल का?

काटकोन:

वाकेलही, पण हिशोब करा. ३०० ग्रेनचा शाफ्ट, पुढे ३५०, नॉक आणि पिसं मिळून २०, झाले ६७०. ४१ पौंडाला दर पौंडामागे १६ ग्रेनच्या वर. पारंपरिक धनुष्यवाले दर पौंडाला १० ग्रेन हा बरा आकडा मानतात, ११-१२ म्हणजे जड, १६ म्हणजे पहार फेकणं. ८ च्या खाली मात्र जायचं नाही, तिथे लिंबांची वाट लागते.

मी असतो तर ५०० स्पाईनचे फक्त दोन शाफ्ट घेतले असते, पूर्ण लांबीचे, न कापता. ५० ग्रेनचा पितळी इन्सर्ट आणि १७५ चा पॉइंट. मुद्दाम थोडा वीक ठेवायचा आणि मग मागून पाव-पाव इंच कापत कडक करत आणायचा, कारण कापलेलं परत चिकटवता येत नाही. आधी १० मीटरवरून बघा, तिथे जमलं की १५-१८. बेअर शाफ्ट तिरका घुसला तर मोडतो, म्हणून लांबून सुरुवात नको.

लाकडी घोडा:

कापताना पाईप कटर वापरू नका, कार्बन चिरतो. अ‍ॅब्रेसिव्ह चकतीनेच कापा आणि मास्क लावा, ती काळी भुकटी छातीत जायला नको. पॉइंट बदलत राहायचंय तर इन्सर्ट कमी तापमानाच्या हॉट मेल्टने (गरम केल्यावर वितळणाऱ्या गोंदाने) बसवा, काढताना पॉइंट गरम करायचा, शाफ्ट नाही.

आणि ज्या १२५ वाल्या बाणांनी रायझरला धडका मारल्यात ते दोन्ही हातांनी हलके वाकवून, गोल फिरवून, कान देऊन तपासा. करकर आली की कचऱ्यात. तडकलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याचे काटे हातात जातात, ही गंमत नाही.

ढगफुटी:

वर-खालीचं कुणी बोललंच नाही. आधी नॉकिंग पॉइंट (स्ट्रिंगवर बाण लावायची खूण) बघा ताई. बाण स्ट्रिंगशी काटकोनात बसतो त्या जागेपेक्षा अर्धा ते पाच अष्टमांश इंच वर ठेवून सुरू करा. बेअर शाफ्ट पिसवाल्यांच्या खाली लागला तर नॉकिंग पॉइंट जास्त वर आहे, वर लागला तर जास्त खाली. पण इथेही तुमच्या त्या टक्क सारखंच खोटं रीडिंग असतं, नॉकिंग पॉइंट फारच खाली असला तर शेपूट शेल्फवर आपटून वर उडतं आणि बाण खाली लागतो, मग माणूस अजून खाली घेत बसतो. म्हणून नेहमी वरून खाली यायचं. पिसंच वापरताय ना? प्लास्टिकच्या वेन (पिसांऐवजी लावायच्या पट्ट्या) शेल्फवरून मारल्या तर त्या बाण उडवून लावतात.

धागाकर्ती:

पिसंच आहेत, ४ इंची. नॉकिंग पॉइंट मोजला, पाव इंचच वर होता 😅 आता पाच अष्टमांशवर नेलाय.

एक भीती आहे, जड बाण फार खाली पडेल का? साईट नाही त्यामुळे सगळा अंदाजाचा खेळ.

काटकोन:

पडेल, पण घाबरण्याइतका नाही. हवेचा अडथळा सोडून देऊ. १८ मीटर जायला सेकंदाला ५० मीटर वेगाचा बाण ०.३६ सेकंद घेतो आणि तेवढ्यात ६४ सेंटीमीटर पडतो. ४६ च्या वेगाचा ७५ पडतो. फरक ११ सेंटीमीटरचा, चारपाच दिवसांत डोळ्याला सवय होते. ३० मीटरच्या पुढे मात्र जाणवतं.

धागाकर्ती:

तीन आठवड्यांनी आले. उशीर झाला, कारण ढगफुटींचं ऐकून खरंच ३० वर मारत होते.

५०० चे दोन शाफ्ट घेतले, ३१ इंची. पहिल्या दिवशी १० मीटरवरून बेअर शाफ्ट उजवीकडे चार बोटं, आणि टक्क नाही, पावडर जशीच्या तशी, म्हणजे यावेळी खरा वीक. पाव इंच कापला, दोन बोटांवर आला. अजून पाव इंच कापला आणि पिसवाल्यांच्या शेजारी जाऊन बसला, मी दोनदा जवळ जाऊन बघितलं. १५ मीटरवरून अजून किंचित उजवीकडे दिसतो पण ती माझी बोटं असावीत, कारण चारातला एखादाच जातो. नॉकिंग पॉइंट शेवटी अर्ध्या इंचाच्या जरा वर राहिला.

बाण ४८९ ग्रेन भरतोय, म्हणजे पौंडाला १२ च्या जवळ. बोटावर तोलून बघितला, नॉकपासून साडेएकवीस इंचांवर तोल येतो, बाण साडेतीस इंची, मध्य सव्वापंधरावर, फरक सव्वासहा, म्हणजे बाणाच्या लांबीच्या साडेवीस टक्के तोल पुढे. हे जास्त आहे की ठीक? उडताना तर छान सरळ जातोय, आणि धनुष्याचा आवाज इतका कमी झालाय की भाऊ म्हणाला सोडलास की नाही.

लाकडी घोडा:

जास्तच आहे, नेहमीच्या बाणाला १० ते १५ असतं, पण बेअर शाफ्ट सरळ जातोय तर त्या टक्क्यांना हात लावू नका. आता उरलेले दहा शाफ्ट घ्या आणि सगळे एकाच लांबीचे कापा. आणि ब्रेस हाईट (ग्रिपपासून स्ट्रिंगचं अंतर) लिहून ठेवा हो, स्ट्रिंगचा पीळ सुटून ती पाव इंच बदलली की परत इथे येऊन विचाराल बाण उजवीकडे का जातोय.

धागाकर्ती:

लिहिली. पावणेआठ. ते ३४० वाले आठ शाफ्ट कुणाला हवेत का, ५५-६० पौंड ओढणाऱ्या कुणाला? सगळे वाकवून, कान देऊन तपासलेत, करकर येणारे दोन फेकून दिले.