इंडियन पासपोर्टवर लंडनच्या कौन्सिल इलेक्शनला मत देता येतं का? आणि देऊन काय फरक पडतो?

डॅगनमकर
मंडळी, इकडे येऊन दीड वर्ष झालं, स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. मे २०२६ च्या लंडनच्या सगळ्या बरोंच्या (म्हणजे आपापलं कौन्सिल असलेल्या भागांच्या) इलेक्शन्सवरून विचारतोय. शनिवारी दारात एक पत्रक पडलं होतं, पक्षाचं नाव कधी ऐकलेलं नाही, वर मोठा युनियन जॅक आणि खाली घरं मिळत नाहीत ती बाहेरून आलेल्यांमुळे वगैरे. मी रद्दीत टाकलं, मग रात्री परत काढून वाचलं. ऑफिसातला पंजाबी मित्र म्हणतो तूही व्होट देऊ शकतोस, मला वाटलं फेकतोय. सिटिझन नसताना मत कसं? आणि समजा दिलं, तरी कौन्सिल म्हणजे बिन उचलणार नि पार्किंगचे दंड लावणार, माझ्या एका मताने हे लोक थोडेच थांबणारेत? पुण्यात असताना महापालिकेच्या मतदानाला मी कधी गेलो नाही, सुट्टी मिळायची म्हणून सिंहगडावर जायचो, खोटं कशाला बोलू.

साखर_कमी
मित्र फेकत नाहीये. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे वैध व्हिसावर राहणाऱ्या आपल्या लोकांना कौन्सिललाच काय, पार्लमेंटलाही मत देता येतं. फक्त नाव आपणहून नोंदवावं लागतं, सरकारी साइटवर पाच मिनिटांचं काम आहे, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. मतदानाच्या १२ वर्किंग डेज आधी मुदत संपते आणि तेव्हाच सगळ्यांना जाग येते. बायकोचं वेगळं नोंदवा हां, एकाने भरलं की घरातल्या सगळ्यांचं होत नाही. २०२३ पासून फोटो आयडी लागतो, आपला इंडियन पासपोर्ट चालतो. भारतातलं मत द्यायचं तर एनआरआयला विमानाचं तिकीट काढून जावं लागतं, इथे कोपऱ्यावरच्या चर्चच्या हॉलमध्ये जायचंय, सकाळी ७ ते रात्री १०.

जुनी_मीरा
एका मताने काय होतं विचारलंस म्हणून लिहिते. आम्ही तेव्हा पॉप्लरला राहायचो. सप्टेंबर १९९३ मध्ये शेजारच्या आइल ऑफ डॉग्जमध्ये, मिलवॉल वॉर्डात पोटनिवडणूक झाली आणि बीएनपीचा, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या विरोधातल्या ब्रिटिश नॅशनल पार्टीचा, डेरेक बीकन निवडून आला. किती मतांनी? ७! त्याला १४८०, लेबरला १४७३. बीएनपीचा तो पहिला कौन्सिलर. त्यानंतर कित्येक दिवस मी मुलाला शाळेतून आणताना रस्ता बदलून यायचे, भीती काय असते ते तेव्हा कळलं. मग लोक दारोदार फिरले, बांगलादेशी बायका ज्या कधी मतदानाला गेल्या नव्हत्या त्यांचीही नावं नोंदवली. मे १९९४ ला बीकन पडला. आणि गंमत ऐक, त्याची मतं कमी झाली नव्हती, उलट वाढून दोन हजारांच्या वर गेली होती! त्याच्या बाजूचे सगळे आलेच होते, घरी बसणारे बाहेर पडले म्हणून तो हरला.

तिरकस
मीराताई, मिलवॉलचं मान्य, पण नुसतं "मतदान वाढवा" म्हणून भागत नाही. डॅगनमकर, तुमच्याच बरोचं घ्या. २००६ ला बार्किंग अँड डॅगनममध्ये बीएनपीचे १२ कौन्सिलर आले, २०१० ला सगळे १२ पडले आणि ५१ च्या ५१ जागा लेबरला. लोकांनी घाम गाळला हे खरं, पण त्याच दिवशी पार्लमेंटचं इलेक्शनही होतं, मतदान त्यानेच वाढलं असणार, एरवीच्या नुसत्या कौन्सिल इलेक्शनला एवढे लोक कुठले यायला. आणि घरांचा प्रश्न काही पत्रकवाल्यांनी शोधलेला नाही, कौन्सिलची घरं विकली गेली, नवीन बांधली नाहीत, वेटिंग लिस्ट लांबत गेली. त्यावर बाकीचे गप्प बसले की हे बोलतात. तेव्हा दारावर कुणी मत मागायला आला की त्यालाच विचारा, किती घरं बांधणार? आणि आता रिफॉर्म यूके पक्षाला पण याच पंगतीत बसवू नका लगेच, ते स्वतःला अतिउजवे (far-right) म्हणवून घेत नाहीत, ज्याचं त्याने ठरवावं.

साखर_कमी
@तिरकस ठरवा हो, पण मत देऊन ठरवा. मे २०२५ ला रंकॉर्नची पार्लमेंटची पोटनिवडणूक रिफॉर्मने ६ मतांनी जिंकली. कुठल्याही बाजूचे असा, सहा म्हणजे आमच्या भिशीतल्या बायकांपेक्षा कमी.

डॅगनमकर
आभार सगळ्यांचे. दोघांचंही नाव नोंदवलं, बायकोचं आधी झालं, माझा एनआय नंबर शोधण्यात अर्धा तास गेला. मीराताई, सात मतांचं वाचून तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ते पत्रक फ्रिजवर लावलंय, पुढचा जो कोणी दारावर येईल त्याला दाखवून घरांचं विचारणार आहे. एक शेवटचं, मत म्हणे पेन्सिलने द्यायचं असतं? पुसलं तर कोणी?

जुनी_मीरा
हो रे, बूथमध्ये दोरीला बांधलेली बोटभर पेन्सिल असते. ना बोटाला शाई, ना मशीनचा आवाज, पहिल्यांदा मलाही मत दिल्यासारखं वाटलंच नव्हतं. भरवसा नसेल तर स्वतःचं पेन ने, चालतं. आणि लंडनमध्ये बहुतेक वॉर्डांत तीन कौन्सिलर असतात, म्हणजे तीन फुल्या मारता येतात, एक मारून घाईत बाहेर येऊ नकोस.