चार हजार डॉलरचं पिस्तूल स्वतःला बक्षीस: यात माज कुठे आला?

सातारकर (डॅलस)

परवाच्या ग्रीन कार्डच्या धाग्यावर मी सहज लिहिलं की कार्ड हातात आलं, आता स्वतःला बक्षीस म्हणून कस्टम १९११ (जुन्या घडणीचं, कारागिराने हाताने बसवलेलं पिस्तूल) घेणार. त्यावर एका ताईंनी सुनावलं, "चार-साडेचार हजार डॉलर पिस्तुलावर उडवायचे हा निव्वळ माज आहे. सहाशेचं ग्लॉकही गोळीच मारतं." तिथे गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना. म्हणून वेगळा धागा.

ताई, कार्ड आल्यावर आपल्या लोकांनी काय काय घेतलंय ते सगळ्यांनी पाहिलंय. टेस्ला, रोलेक्स, तळघरात होम थिएटर. तेव्हा माज कुणाला आठवला नाही. मी इतकी वर्षं जुनी कोरोला दामटली. एच-वन व्हिसावर पिस्तूल बाळगता येत नाही म्हणून हौस गुंडाळून ठेवली.

आणि पैसे कशाचे, तेही ऐका. जॉन ब्राउनिंग या बंदूक-कारागिराने आखलेलं हे पिस्तूल अमेरिकी लष्कराने १९११ मध्ये स्वीकारलं आणि १९८५ मध्ये बेरेटा पिस्तुलाची निवड होईपर्यंत तेच चाललं. आज त्यातलं उत्तम काम होतं ते आर्कन्सामधल्या बेरीव्हिल नावाच्या छोट्याशा गावात. बिल विल्सन मूळचा घड्याळ दुरुस्त करणारा, त्याने १९७७ मध्ये विल्सन कॉम्बॅट ही कंपनी तिथेच सुरू केली. नाइटहॉक ही कंपनीही त्याच गावची. नाइटहॉकमध्ये एक पिस्तूल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कारागीर बसवतो. मी दुकानात एक हातात घेऊन पाहिलं. स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, धरून डावी-उजवी हलवली, कणभर ढिलाई नाही. मागे ओढली तर कुठे खरखर नाही. मुठीच्या पुढच्या अंगाला इंचाला पंचवीस रेघांची बारीक जाळी, ती बोटांना धरून ठेवते. ट्रिगर दाबताना मध्ये रेंगाळत नाही, काच तुटावी तसा सुटतो. ज्याने हे कानशीने घासून बसवलं त्याच्या हाताला मी पैसे देतोय.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्याराची पूजा करतात. हत्याराची कदर करणं मला घरातूनच मिळालंय. पुढे मुलाच्या हाती देईन.

मीरा_एडिसन

ती ताई मीच. शब्द मागे घेत नाही.

खंडेनवमीला पूजा होते ती ज्यावर पोट चालतं त्या अवजारांची. तुमचं पोट कीबोर्डवर चालतं. उगाच परंपरेच्या आड लपू नका. टेस्लाने मुलं शाळेत जातात. पिस्तुलाने काय होतं ते आकड्यांत बघा: २०२१ मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. म्हणजे चोर-दरोडेखोर लांब राहिले, धोका घरातल्याच माणसाला. आमच्या ओळखीच्या घरात हे घडलंय. कॉलेजातला मुलगा होता, वडिलांचं पिस्तूल होतं. त्याच्या आईला मी अजून नीट तोंड दाखवू शकत नाही, बोलायचं काय? त्या पिस्तुलाची फिटिंग किती सफाईदार होती हे कुणी विचारलं नाही.

आणि 'मुलाच्या हाती' म्हणताय, उद्या पुण्याला परत गेलात तर? तुमच्या १९११ चं पॉइंट फोर-फाइव्ह हे भारतात प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. ते विमानतळावरून घरी नेता येणार नाही.

बंडूतात्या (ऑस्टिन)

मीराताईंशी पटत नाही, पण सातारकर, तुमचंही पटत नाही. मी दर शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर असतो, ऐकीव बोलत नाही.

असंच एक महागडं कस्टम मीही घेतलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. इतकं घट्ट बसवलेलं की सुरुवातीला मॅगझिनमागे (गोळ्यांच्या कप्प्यामागे) एकदा तरी अडकायचं. कंपनीचं उत्तर: आधी पाचशे गोळ्या झाडा, मग बोला. पाचशे झाल्या, तरी अडकत होतं. परत पाठवलं, महिनोन्महिने आलं नाही. शेवटी विकून टाकलं. फोर-फाइव्हच्या गोळ्या नाइन एमएमपेक्षा केवढ्या महाग पडतात ते हिशोबात धरलंय का? आणि मॅगझिनमध्ये सात-आठ. त्याच पैशात ग्लॉक, चांगला कोर्स आणि वर्षभराच्या गोळ्या येतात. बक्षीस द्यायचंच तर हाताला सराव द्या. कारागिराने ट्रिगर कितीही मुलायम केला तरी तुमचं मनगट झटकायचं ते झटकणारच.

पिंपळपान (सॅन होजे)

तुमची चर्चा वाचून चीड येते. ग्रीन कार्डाचं बक्षीस! इथे आम्ही ईबी-टूच्या (नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या एका वर्गाच्या) रांगेत म्हातारे व्हायला आलो. १९९० च्या कायद्याने प्रत्येक देशाला ग्रीन कार्डांत सात टक्क्यांची मर्यादा घातली, भारतालाही तेवढेच आणि आइसलँडलाही तेवढेच. यावर धागा काढा की कुणीतरी.

शिवाय एच-वनवर घेता येत नाही हे अर्धवट आहे. हंटिंग लायसन्स काढलं की घेता येतं. माझ्या जॉर्जियातल्या मित्राने तसंच घेतलंय. सातारकरांनी उगाच वर्षं घालवली. कॅलिफोर्नियात मात्र दहा दिवस थांबा, ठरावीक यादीतलंच घ्या, वर २०२४ पासून ११ टक्के जादा कर.

सातारकर (डॅलस)

पिंपळपान, सवलत खरी आहे. पण ती इतक्या सहज सांगू नका, कुणाचं तरी आयुष्य उद्ध्वस्त होईल. लायसन्स चालू असेपर्यंतच ती सवलत. मुदत संपली आणि पिस्तूल घरातच राहिलं की तो केंद्रीय गुन्हा. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरतात, त्यात व्हिसाचा प्रश्न सरळ विचारलाय. खोटं लिहिलंत तर तोही गुन्हा, मग कसली रांग आणि कसलं कार्ड. मी थांबलो ते घाबरून नाही, घरच्यांची इथली वर्षं पणाला लावायची नव्हती म्हणून.

बंडूतात्या (ऑस्टिन)

आणि हे फक्त विकत घेण्यापुरतं नाही. रेंजवर भाड्याने घेऊन दोन गोळ्या झाडणं हेही कायद्याने बाळगणंच. आपले लोक भारतातून आलेल्या आई-बाबांना हौसेने रेंजवर नेतात, हातात पिस्तूल देऊन फोटो काढतात आणि फेसबुकवर टाकतात. व्हिजिटर व्हिसावर, हंटिंग लायसन्स नसताना! स्वतः पुरावा तयार करून जगाला वाटायचा.

पिंपळपान (सॅन होजे)

कार्ड मिळालं की लोक कायद्याचे मास्तर होतात. मी कर भरतो, सोशल सिक्युरिटी भरतो, आणि माझ्या सत्तरीच्या वडिलांनी रेंजवर एक गोळी झाडली तर ते गुन्हेगार? हा कायदा अपमान करणारा आहे. तुम्ही त्याची वकिली करताय.

बंडूतात्या (ऑस्टिन)

वकिली कोण करतंय? अपमान आहेच. पण दंड भरायला आणि व्हिसाच्या मुलाखतीत उत्तर द्यायला मी येणार नाही, तुम्हीच जाल. आवाज चढवायचा तर तुमच्या भागातल्या काँग्रेस सदस्याकडे चढवा.

शरयू (ह्यूस्टन)

मूळ विषयावर येते. मी इमर्जन्सीमध्ये नर्स आहे. पिस्तूल ग्लॉक की नाइटहॉक, आमच्या टेबलावर सारखंच. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागेल असं ठेवणं गुन्हा आहे, पण पोलीस येतात ते घडून गेल्यावर. सातारकर, तुम्ही स्लाइडबद्दल एवढं लिहिलंत, सेफबद्दल एक ओळ नाही. ते मला खटकलं. आधी सेफ जमिनीला बोल्ट करून घ्या आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. घरात कुणाचं मन बिघडलेलं असेल तर पिस्तूल घराबाहेर, मग ते चार हजारांचं असो.

सातारकर (डॅलस)

शरयूताई, सेफ आधी येईल, पिस्तूल नंतर. किल्ली फक्त माझ्याकडे. मीराताई, त्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं, त्यावर वाद घालणार नाही. पण माज हा शब्द मला मान्य नाही, तो मी मरेपर्यंत खोडत राहीन. तात्या, गोळ्यांच्या खर्चाचं तुमचं खरं आहे, नाइन एमएममध्येच बनवायला सांगेन. पिस्तूल मात्र बेरीव्हिलचंच.

मीरा_एडिसन

सेफ घेताय, बरं करताय. बाकी माझं मत आहे तेच.

पिंपळपान (सॅन होजे)

आई-बाबा पुढच्या महिन्यात येताहेत. रेंजचं बुकिंग रद्द केलं. कायदा पटला म्हणून नाही, हे लक्षात ठेवा. सात टक्क्यांवर वेगळा धागा काढतोय, तिथे या सगळे.